शेकडा किती, आणि कशाचे?

तीन अष्टमांशाचे टक्क्यांत रूपांतर करा असे सांगितले की सहावीतला बरा विद्यार्थी तीनला शंभराने गुणतो, आठाने भागतो आणि साडेसदतीस टक्के लिहून मोकळा होतो. त्याच विद्यार्थ्याला पाटी-पेन्सिल बाजूला ठेवायला लावून विचारावे की तीन अष्टमांश मोठे की दोन पंचमांश, तर तो बहुधा तीन अष्टमांश म्हणतो. तीन दोनापेक्षा मोठे, आठही पाचापेक्षा मोठे. ०.४५ आणि ०.५ यांत मोठे कोणते, याचेही उत्तर त्याच वाटेने येते: पंचेचाळीस मोठे, पाच लहान. रूपांतराची रीत हाताला बसली आहे, पण ज्या राशीचे रूपांतर केले ती केवढी, याचा अदमास मनात नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेर आणि आसपासच्या गावांतले पाचवी ते सातवीचे शिक्षक, पालक आणि हुशार मुले यांच्यासाठी लिहिलेल्या या पुस्तिकेचे म्हणणे एवढेच आहे की हा क्रम उलटा पडला आहे. अपूर्णांक, दशांश आणि शेकडेवारी ही तीन प्रकरणे नाहीत. एकाच राशीची ती तीन लेखने आहेत, आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळ्या वेळी होतो. म्हणून आधी पूर्ण कशाचे धरले ते ठरवावे, मग तुलना करावी, आणि तुलनेसाठी गरज पडली तरच रूपांतर करावे.

हा दोष केवळ आपल्या शाळांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९७८ च्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ आणि ७/८ यांची बेरीज साधारण किती येईल, एवढाच अंदाज विचारला होता. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाला टेकलेले, तेव्हा बेरीज दोनाच्या जवळपास; एवढे ओळखणारी मुले १०० पैकी २४ निघाली. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे अंशांची किंवा छेदांची बेरीज केली. ही मुले अपूर्णांकांची बेरीज वर्गात शिकलेली होती. त्यांना समच्छेद करता येत नव्हता म्हणून ती चुकली नाहीत. बारा तेरांश ही एक संख्या आहे, संख्यारेषेवर तिला एक जागा आहे, हेच त्यांच्या मनात उतरले नव्हते. त्यांना दिसत होते ते एका आडव्या रेघेने तोडलेले दोन वेगळे आकडे.

दशांशात आडवी रेघ जाते आणि ठिपका येतो, पण आजार तोच राहतो, आणि त्याला खतपाणी घालणारे व्यवहार मुलाच्या भोवती भरपूर आहेत. आपण किती ठिकाणी असा ठिपका वापरतो की जो दशांशचिन्ह नसतोच, हे एकदा मोजून पाहण्यासारखे आहे. क्रिकेटच्या फलकावर ४.३ षटके दिसतात. ती चार षटके आणि तीन चेंडू, म्हणजे साडेचार षटके, ४.५. दीड तास कोणी १.३० असा लिहितो. जमिनीच्या बोलण्यात दोन एकर वीस गुंठ्यांचे २.२० होते, आणि एकराचे गुंठे चाळीस असल्यामुळे ते खरे तर २.५ एकर असते. याच्या शेजारी सातबारा ठेवला की गोंधळ पुरा होतो. तिथे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि हेक्टरचे आर शंभर, म्हणून तिथला १.२० चा ठिपका खरोखरचा दशांशठिपका असतो. गुंठा आणि आर मापाने जवळजवळ सारखे (एक गुंठा म्हणजे सुमारे १.०१ आर), त्यामुळे दोन्ही पद्धती एकच आहेत असा भास होतो. पण कागदावरचे १.२० हेक्टर म्हणजे जवळपास तीन एकर, आणि बोलण्यातले १.२० एकर म्हणजे दीड. रुपये-पैशांतही मुलाला ५.५० हे ‘पाच रुपये पन्नास पैसे’ असे दोन पूर्ण संख्यांचे जोडपे म्हणूनच भेटते. मग ५.५ रुपये वाचताना तो ‘पाच रुपये पाच पैसे’ म्हणाला तर त्यात आळस नाही; ठिपक्याकडे पाहण्याची जी सवय व्यवहाराने लावली, तीच तो प्रामाणिकपणे पाळतो आहे. दशांशाच्या पहिल्या तासाला शिक्षकाने ठिपक्याचे हे दोन धंदे वेगळे करून दाखवले, तर पुढचे निम्मे काम झाले असे समजावे. पाठ्यपुस्तके बहुधा रुपये-पैशांच्याच उदाहरणाने दशांश सुरू करतात. ते सोयीचे आहे, पण मला ते धोक्याचे वाटते. मीटरपट्टीवरचे डेसिमीटर आणि सेंटिमीटर या कामाला अधिक चांगले, कारण तिथे ०.५ मीटर आणि ०.४५ मीटर डोळ्यांना दिसतात आणि वाद संपतो.

पूर्वी मराठी शाळांत हे चांगले जमत होते, पावकी-निमकीने मुले तयार होत, असे एक म्हणणे नेहमी ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण जेवढे सांगितले जाते तेवढे नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकलेल्या मुलाला पाव आणि पाऊण या स्वतंत्र संख्या वाटत, भागाकाराची अर्धवट राहिलेली उदाहरणे वाटत नसत; ही त्या पाढ्यांची खरी कमाई. मात्र ते सगळे पाढे निम्मे आणि निम्म्याचे निम्मे यांच्या कुटुंबातले. दोन पंचमांश किंवा चार सप्तमांश तिथे भेटतच नाहीत. तेव्हा सगळी उजळणी परत आणण्याचा आग्रह या पुस्तिकेत नाही. पाव, अर्धा आणि पाऊण हे तीन टप्पे मात्र घट्ट ठेवले आहेत, कारण तुलनेला त्यांच्यासारखा आधार नाही. तीन अष्टमांश अर्ध्यापेक्षा एक अष्टमांशाने कमी. दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा एक दशांशाने कमी. एक दशांश हा एक अष्टमांशापेक्षा लहान, म्हणजे दोन पंचमांश अर्ध्याच्या अधिक जवळ, म्हणून तेच मोठे. ना गुणाकार, ना भागाकार, ना समच्छेद. हे ज्याला सुचते त्याला ३७.५ आणि ४० ही उत्तरे नंतर काढायला लावावीत. तेव्हा ती पडताळा म्हणून येतात आणि लक्षात राहतात.

एका लेखनातून दुसऱ्यात जाताना काय हाती लागते आणि काय निसटते, याचा धडा साऱ्या देशाने एकदाच गिरवला आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. या रुपयाचा तिसरा भाग नेमका निघे: चौसष्ट पै, पाच आणे चार पै. नव्या रुपयाचे शंभर पैसे झाले आणि तो तिसरा भाग कायमचा गेला. तेहतीस पैसे तिघांना दिले की एक उरतो. आण्याचीही तीच गत. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण सव्वासहाचे नाणे नाही. म्हणून अधिकृत तक्त्यात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीनला १९ आणि चारला २५ नवे पैसे असे आकडे ठरले. एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेणाऱ्याचे चोवीस पैसे होत आणि एकदम घेणाऱ्याचे पंचवीस. रूपांतर चुकले नव्हते. प्रत्येक पायरीवर केलेली पूर्णांकात मांडणी साचत गेली होती. आज दोन दशांशस्थळांपर्यंत उत्तर काढून पुन्हा त्याच उत्तराने गुणाकार करणाऱ्या विद्यार्थ्याची चूक हीच असते, आणि ती दाखवायला या तक्त्याइतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. दशमान पद्धत आणली हे चुकले असे यातून काढू नये. हिशेब, बेरजा, वजनमापांशी मेळ या सगळ्यांत तिने लोकांचे कष्ट वाचवले. पण एका लेखनाची सोय दुसऱ्याला गैरसोयीत टाकते, एवढे मान्य करायला हवे.

कोणते लेखन कुठे कामाचे, हे वडनेर परिसरात सांगायला कापसापलीकडे जावे लागत नाही. कापसाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा रुई निघते आणि बाकी बहुतेक सरकी, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अंदाजापुरता हा अपूर्णांक उत्तम आहे. पण जिनिंगवाल्याचे त्यावर भागत नाही. त्याला उतारा टक्क्यांत लागतो, कारण चौतीस आणि तेहतीस हे दोन्ही ‘तिसरा हिस्सा’च, आणि धंदा त्या दोहोंच्या मधल्या फटीत असतो. रुईची गाठ १७० किलोची. उतारा ३४ असेल तर पाच क्विंटल कापसात बरोबर एक गाठ होते. तो ३३ वर आला की पाच क्विंटलांत १६५ किलोच रुई पडते, आणि हजार गाठी बांधायला पाच हजारांच्या ऐवजी सुमारे ५,१५२ क्विंटल कापूस लागतो. एका टक्क्याने दीडशे क्विंटल खाल्ले. इथे मुलाला आणखी एक गोष्ट दाखवता येते: उतारा एकाने घटला, पण कापूस मात्र एक नव्हे, तीन टक्क्यांनी वाढवावा लागला, कारण चौतिसातला एक हा शंभरातल्या एकाहून बराच मोठा हिस्सा आहे. टक्क्यांत मोजलेल्या राशीतला फरक आणि त्या फरकाची टक्केवारी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे एकदा डोक्यात बसले की व्याजाचेही कोडे सुटते. सावकाराने शेकडा दोनचे शेकडा तीन केले तर दर ‘एकानेच’ वाढला, पण व्याजाचा बोजा निम्म्याने वाढला. शिवाय त्याचे शेकडा दोन महिन्याचे आणि बँकेचे नऊ टक्के वर्षाचे. दोन आणि नऊ यांची तुलना करून बँक महाग ठरवणारा मुदत विसरला. खरी तुलना चोवीस आणि नऊ यांची. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त बाराव्या शतकात पंचराशिकाचे उदाहरण घातले तेही शंभराला महिन्याला किती व्याज अशाच मांडणीचे. मुद्दल आणि मुदत दोन्ही सांगितल्याशिवाय दराला अर्थ नाही, हे त्या मांडणीतच येते.

आता ओलाव्याकडे वळू, कारण ‘शेकडा किती’च्या आधी ‘कशाचे’ हा प्रश्न का हवा, ते इथे सर्वांत स्पष्ट दिसते. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते आणि १२ च्या वर खरेदी होत नाही. २०२५-२६ हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. १२ टक्के ओलाव्याच्या क्विंटलला चार टक्के कपात, ३२४ रुपये ४० पैसे, हाती ७,७८५ रुपये ६० पैसे. हाच कापूस घरी वाळवून ८ टक्क्यांवर आणला तर? पटकन येणारे उत्तर असे की चार किलो पाणी उडेल, ९६ किलो उरेल, म्हणजे हिशेब तोच. पण तसे होत नाही. शंभर किलोत बारा किलो पाणी, कोरडा माल ८८ किलो. वाळल्यावरही हे ८८ किलो तेवढेच राहतात. बदलते ते एकूण वजन, आणि त्या नव्या वजनाचे ते आता ९२ टक्के असायला हवेत. ८८ ला ०.९२ ने भागले की ९५.६५ किलो येतात. त्याचे पूर्ण भावाने सुमारे ७,७५७ रुपये होतात, म्हणजे वाळवण्याचे कष्ट करून क्विंटलमागे अठ्ठावीस रुपये कमीच. कपात अगदी नियमाप्रमाणे लावली गेली तरच हे खरे, हे उघड आहे. काट्यावर काय होते हा वेगळा विषय. आपल्याला त्यातले गणित हवे. बारा टक्के शंभर किलोंचे होते, आठ टक्के ९५.६५ किलोंचे, पूर्ण बदललेले असताना आपण बारातून आठ वजा केले. सूतगिरणीच्या व्यवहारात तर ओलावा कोरड्या वजनावर मोजण्याचीही रीत आहे. कापसाचे प्रमाणित ८.५ टक्के हे कोरड्या वजनावरचे. एकूण वजनावर काढले तर ८.५ ला १०८.५ ने भागून ७.८३ टक्केच होतात. कापूस तोच, पाणी तेच, टक्के दोन.

असेच पैसेवारीचे. गावाची पैसेवारी ४७ म्हणजे प्रमाण उत्पन्नाच्या रुपयात सत्तेचाळीस पैसे पीक, ०.४७, ४७ टक्के. ती पन्नासच्या खाली गेली की जमीन महसुलातल्या सवलतीपासून विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कमाफीपर्यंत बऱ्याच गोष्टी त्यावर ठरतात. तेव्हा ज्या प्रमाण उत्पन्नाशी तुलना केली ते किती धरले, हा प्रश्न विचारता येणे हे गणितच आहे, राजकारण नव्हे.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की गावातल्याच उदाहरणांत मुलांना गुंतवले तर ती गावातच राहतील. उद्या त्यांना पुण्यात किंवा बंगळुरूत स्पर्धा करायची आहे. या जिल्ह्याला हा वाद नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि हस्तोद्योगाच्या आधाराने सगळे विषय शिकवण्याची योजना पुढे आली. सुताची गुंडी ६४० तारांची आणि लटी १६० तारांची, म्हणजे पाव गुंडी. टकळीवर कातणाऱ्या मुलाला पाव आणि पाऊण हातात मोजायला मिळत. टीकाकारांचे म्हणणे होते की प्रत्येक धडा टकळीतून काढायचा अट्टहास केला तर ओढाताण होते. मला ही टीका बरोबर वाटते. सगळे गणित सुतातून निघत नाही, कापसातूनही निघत नाही. पण इथे मागणी वेगळी आहे. उदाहरण ओळखीचे हवे, ते मुलाने आयुष्यभर तेच करावे म्हणून नव्हे, तर ‘पूर्ण कोणते’ हा प्रश्न तिथे त्याला स्वतःहून पडतो म्हणून. कोऱ्या प्रश्नात पूर्ण पुस्तकाने ठरवून दिलेले असते. काट्यावर ते कोणीतरी ठरवत असते, आणि त्यात चूक होऊ शकते. हा प्रश्न एकदा विचारता आला की तो कंपनीच्या ताळेबंदालाही विचारता येतो. खरेदीवर २५ टक्के नफा आणि विक्रीवर २० टक्के नफा हा एकच नफा आहे, हे ओळखायला ओलाव्याचाच विचार पुरतो.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो जास्त वजनदार आहे. अभ्यासक्रम मोठा, तास मोजके, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत वेगाला गुण. तिथे रीत पाठ असलेलाच पुढे जातो. हे अंशतः खरे आहे. रीत आलीच पाहिजे, आणि या पुस्तिकेत सरावाची उदाहरणे त्यासाठीच मुबलक आहेत. पण पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत चारांपैकी दोन पर्याय अंदाजानेच बाद होतात, हे वेगाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच लक्षात घ्यावे. १२/१३ आणि ७/८ च्या प्रश्नात पूर्ण आकडेमोड करणाऱ्याला १०४ चा छेद काढावा लागतो. अंदाज असणाऱ्याला काहीच काढावे लागत नाही. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना हे सगळे कशाला, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता थोडक्यात देता येईल: कॅल्क्युलेटर ८८ ला ०.९२ ने भागून देतो, पण ०.९२ ने का भागायचे ते सांगत नाही. तो विचारलेलेच करतो, आणि १२ वजा ८ विचारले तर ४ सांगतो.

दशांश आणि टक्के हाती आल्यावर अपूर्णांकाची गरज संपते असे मात्र कोणी समजू नये. सातवीपर्यंत पोचलेली पुष्कळ मुले तसे समजतात. सराफाकडचे बावीस कॅरेटचे सोने म्हणजे चोविसांत बावीस भाग. दशांशात ते ०.९१६६… असे न संपणारे, म्हणून हॉलमार्कचा ९१६ हा आकडा तिथेच तोडलेला. अठरा कॅरेटचा ७५० मात्र नेमका, कारण अठरा चोविसांश म्हणजे पाऊण. छेदाला संक्षिप्त रूपात फक्त दोन आणि पाच यांनीच भाग जात असेल तर दशांश संपतो, तीन किंवा सात आला की संपत नाही. पाचव्या प्रकरणात याचे कारण दिले आहे आणि ते मुलांनी स्वतः शोधावे अशी रचना आहे. एक हेक्टर जमीन तिघा भावंडांत वाटताना प्रत्येकाला ३३.३३ आर लिहिले तर ०.०१ आर, म्हणजे एक चौरस मीटर, कोणाच्याच नावावर येत नाही. हिस्सा १/३ असा लिहिला तर काही उरत नाही. वाटणी अपूर्णांकात लिहावी, मोजणी दशांशात करावी, आणि दोन वेगवेगळ्या आकाराच्या गोष्टी शेजारी ठेवायच्या असतील तेव्हा टक्के काढावेत, असा साधारण क्रम पुढच्या प्रकरणांत पाळला आहे. आवर्ती दशांशाचे अपूर्णांकात रूपांतर यात घेतलेले नाही. त्याला समीकरण लागते, आणि ते आल्यावरच त्यात गोडी आहे.